निळ्या क्रेटमधली रिंग

जुनी गाडी खोलणं सोपं असतं. प्रत्येक पार्ट निघताना वाटतं, हा कुठला ते आपल्या लक्षात राहील. काही महिन्यांनी जोडायला बसलं की कोणाच्याच काही लक्षात नसतं. म्हणून आमच्या गॅरेजमध्ये पाना हातात घेण्याआधी फोटो काढायचा, चिठ्ठी लिहायची आणि क्रेट पुढं ओढायचा असा नियम आहे. डाव्या दाराचं सामान डाव्या दाराच्या क्रेटमध्ये, उजव्याचं उजव्याच्या. नवीन आलेला माणूस सुरुवातीला या नियमाला हसतो, मग वैतागतो आणि महिन्याभरात तोच दुसऱ्याला दटावू लागतो, "चिठ्ठी लावली का?"

हे क्रेट म्हणजे टोमॅटोचे क्रेट. नारायणगावच्या बाजारामुळे आमच्या भागात ते घरोघरी असतात. प्लास्टिकचे, जाळीचे, एकावर एक बसणारे. तेलकट पार्ट ठेवला तर तेल खाली निथळून जातं. सामान ठेवायला यापेक्षा सोयीची वस्तू मला मिळालेली नाही. याच क्रेटपायी एकदा माझा शब्द जायची वेळ आली होती. गॅरेजमधल्या इतक्या वर्षांतून एकच हकीकत सांगायची तर मी तीच सांगेन.

आधी धंद्याबद्दल थोडं. कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला वडिलांनी गॅरेज काढलं. मी पार्टची यादी करायला म्हणून बसू लागले आणि हळूहळू गाडीखालीही जाऊ लागले. त्या वेळी रस्ताच आम्हाला काम आणून द्यायचा. टोमॅटोच्या पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, तमाशाच्या फडाचे ट्रक आणि भीमाशंकरचा घाट उतरून आलेल्या, ब्रेक जाळलेल्या गाड्या. एकदा मुंबईचं एक कुटुंब चाकातून धूर काढत आलं. मी म्हटलं, ब्रेकचे पॅड गेलेत, बदलावे लागतील. त्या गृहस्थांनी विचारलं, "तेवढं राहू द्या. वास जाईल असा काही स्प्रे आहे का?" मी त्यांना आधी चहा पाजला आणि मग चावी काढून घेतली. पॅड बदलल्यावरच परत दिली.

मग बायपास झाला आणि गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या. अचानक बंद पडलेली गाडी आमच्या दारात येईना. जवळची दोन गॅरेजं मिटली. मी बसून विचार केला की, ज्या गाडीला घाई नाही अशी गाडी आपल्याकडे आली पाहिजे. तेव्हापासून आम्ही जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करतो. पहिली एका बागायतदारांची जीप होती. पत्रा सरळ करून, रंग देऊन, चकचकीत करून दिली. ते गाडीभोवती फिरले आणि मागच्या कोपऱ्यापाशी थांबले.

"इथला पोचा कुठं गेला?"

"काढला की, भाऊ."

"काढला? आमच्या खिलाऱ्यानं मारलेला पोचा व्हता तो. बैल बी गेला आन पोचा बी गेला."

माणूस खरोखर हिरमुसला होता. तेव्हापासून माझ्या यादीत पहिला प्रश्न असतो की, गाडीतलं काय दुरुस्त करायचं नाही?

आता त्या हकीकतीतली गाडी. मंचरला रमणलाल शेठचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले. शेठची मराठी मात्र माझ्यापेक्षा ठसकेबाज आहे. त्यांचे वडील एकदा मुंबईत एका बंगल्याचं सामान विकलं जात होतं तिथं तांब्यापितळेची भांडी घ्यायला गेले आणि भांड्यांसोबत एक गाडी घेऊन आले. दोन माणसांची, बसकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. थोडे दिवस चालवली, मग गिअर अडकला. ती जी गोदामात गेली ती पातेल्यांच्या मागेच राहिली. शेठ मला ती दाखवायला घेऊन गेले तेव्हा आधी टोपांची चळत हलवावी लागली.

"शेठ, चालवणार कोण?" मी विचारलं.

"मला येत नाही. मी बसणार. वडील कधी बसू द्यायचे नाहीत, सीट खराब होईल म्हणायचे."

ही गाडी तीन देशांनी मिळून केली होती. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, इंग्लंडची. बॉडी इटलीच्या कारागिरांनी हातानं पत्रा ठोकून केलेली. इंजिन अमेरिकेचं, आठ सिलिंडरचं. एकाला हौस, दुसऱ्याकडे रूप, तिसऱ्याकडे ताकद, असं ते जमलेलं होतं. मोजक्या गाड्या निघाल्या आणि कारखाना बंद पडला. ऐकायला हे छान वाटतं. गाडीखाली झोपणाऱ्याला मात्र तीन देशांचे नट वेगवेगळे लागतात. इंग्रजांचे इंचात, इटलीवाल्यांचे मिलिमीटरमध्ये, अमेरिकेचे परत इंचात पण आटे निराळे. जिथं बॉडी चासीवर बसते तिथं एकाच पट्टीत दोन देशांचे बोल्ट. आम्ही पान्यांना तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं.

गाडीला एकच गोष्ट कुठंच मिळेना. डाव्या हेडलाइटभोवतीची रिंग. शेठच्या वडिलांनी गाडी आणली तेव्हापासूनच ती नव्हती. रिंग पितळेची, वरून क्रोम केलेली आणि तिरकी. एका बाजूची कड उंच, दुसरीकडची खाली, म्हणजे नाकाच्या उताराशी जुळते. उजवीकडची होती, पण ती उलटी करून डावीकडे बसत नाही. शिवाय बॉडी हातानं ठोकलेली, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या नाहीतच.

अशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत ते जगभरातले लोक इंटरनेटवर एकमेकांना ओळखतात. मी तिथं लिहिलं. हॉलंडहून हेंक नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं. सुटी रिंग कुणाकडेच नाही म्हणाले. पण त्यांनी स्वतःच्या चालत्या गाडीची डावी रिंग काढली आणि नमुना म्हणून पाठवून दिली. न पाहिलेल्या बाईला, न ऐकलेल्या गावी. सोबत एवढंच लिहिलं होतं की, उन्हाळ्यात सगळ्या गाडीवाल्यांचा मेळावा असतो, त्याच्या आत परत मिळावी. मी कळवलं, जशी आली तशी परत येईल.

हा माझा शब्द.

रिंग घेऊन मी जुन्नरला गफ्फारभाईंकडे गेले. त्यांच्या घराण्यात पितळेचं काम. आता भांडी कमी झाली, म्हणून ते देवळाचे कळस करतात आणि लग्नाच्या बँडवाल्यांच्या चेपलेल्या तुताऱ्या, कर्णे सरळ करतात. मी रिंग समोर ठेवली. त्यांनी ती फिरवून आतल्या बाजूनं पाहिली. आत हातोडीच्या बारीक खुणा होत्या.

"हातानं केलीय," ते म्हणाले. "ज्यानं केलीय तो डावखुरा."

"कशावरून?"

"खुणा उलट्या कलल्यात. आमचा चाचा पण डावखुरा होता. त्याच्या हातचं भांडं मी अंधारात बोट फिरवून ओळखतो."

त्यांनी नमुन्यावरून शिसवी लाकडाचा ठोकळा कोरला आणि त्यावर पितळ ठोकायला घेतलं. पितळ तापवायचं, गार करायचं, थोडं ठोकायचं, परत तापवायचं. घाई केली की ते तडकतं. पहिली रिंग वळणावर तडकलीच. त्या दिवशी बँडवाले दारात बसले होते, वरात तोंडावर आली होती आणि गफ्फारभाईंचं अर्धं लक्ष कर्ण्यात होतं. दुसरी मात्र अशी उतरली की दोन्ही शेजारी ठेवल्यावर उतारात मला कुठंच फरक सापडेना. पुण्याहून क्रोम करून घेतलं, शेठच्या गाडीवर बसवून पाहिली. बसली.

आता हेंकची रिंग परत पाठवायची. मी ती जाड कापडात गुंडाळली, एका निळ्या क्रेटच्या तळाशी ठेवली, वरून वर्तमानपत्रं अंथरली आणि क्रेट दारापाशी ठेवला. सकाळी मंचरला जाऊन लाकडी पेटीत बंद करून पार्सल करायची, असं ठरलं होतं.

इथं क्रेटचा रिवाज सांगायला हवा. बाजारातले क्रेट व्यापाऱ्यांचे असतात. प्रत्येकाचा रंग ठरलेला, कुणाचा निळा, कुणाचा लाल, कुणाचा पिवळा. व्यापारी रिकामे क्रेट शेतकऱ्यांकडे धाडतो, ते टोमॅटो भरून परत येतात. हे फिरतं राहावं म्हणून एक अलिखित नियम आहे. व्यापाऱ्याच्या रंगाचा रिकामा क्रेट कुठंही दिसला, रस्त्याकडेला, हॉटेलमागे, कुणाच्या अंगणात, तर पिकअपवाल्यानं तो उचलून बाजारात पोचवायचा. कुणी कुणाला विचारत नाही. त्यात कुणाला चोरी वाटत नाही, उलट चांगुलपणाच वाटतो. माझे क्रेट मी एका निळ्यावाल्या व्यापाऱ्याकडून जुने झाले म्हणून घेतले होते. रंग तोच राहिला होता.

संध्याकाळी बाळू त्याची पिकअप घ्यायला आला. ब्रेकचं काम झालं होतं. मी आत हिशोबात होते. त्यानं जाता जाता दारापाशी निळा क्रेट पाहिला आणि उचलला.

सकाळी मी दारापाशी गेले तर तिथं काही नाही. बाळूला फोन लावला.

"क्रेट का? न्हेला की. रस्त्यातच व्हता, म्हनलं निळ्या शेठचा हाय, पोचवू."

"अरे त्यात सामान होतं."

"कुठलं सामान? पेपर अंथरल्याले व्हते. मला वाटलं तुमी टमाट्यासाठी तयार करून ठिवलाय."

यात त्याची चूक म्हणता येईना. टोमॅटो दबू नये म्हणून इथले शेतकरी क्रेटच्या तळाला वर्तमानपत्रच घालतात. पेपर घातलेला निळा क्रेट म्हणजे भरायला तयार क्रेट. अख्ख्या तालुक्याला असंच वाटलं असतं.

मी तशीच नारायणगावला गेले. निळ्या क्रेटचे व्यापारी वजनकाट्याजवळ उभे होते. मी सांगितलं तसे त्यांनी हात जोडले.

"ताई, इथं क्रेट आला की गेला. कालची सगळी थप्पी गाड्यांनी नेली. कुणी जुन्नरकडं, कुणी घोड नदीच्या पलीकडं, कुणी थेट पारनेरला."

"मग परत कधी येतील?"

"येतील की भरून. पण तुमचं ते कडं टमाट्याबरोबर येईल असं मला काय वाटत न्हाई."

दुपारी शेठ आणि गफ्फारभाई दोघंही गॅरेजवर आले. शेठ बाकावर बसले आणि गाडीकडे न बघता म्हणाले, "एक बोलू? नवी रिंग आहे ना आपल्याकडे. ती पाठव. त्याची ती आहेच असं समज. आपली गाडी राहील एक डोळा उघडा ठेवून, इतकी वर्षं राहिलीच."

"नवी आहे हे त्यांना कळेल."

"कसं कळेल? क्रोम नवं केलं म्हणून सांग."

"आतून हातोडीच्या खुणा आहेत ना डावखुऱ्याच्या."

गफ्फारभाई शांतपणे म्हणाले, "त्या पण मारून देतो. डाव्या हातानं मारतो, त्यात काय."

त्यांनी मारून दिल्या असत्या यात मला शंका नव्हती. म्हणूनच तर ते जास्त वाईट होतं. मी म्हटलं, "गफ्फारभाई, तुम्ही द्याल. पण मग यापुढं हेंकना मी काय सांगितलं आणि खरं काय, अशी एक यादी मला जन्मभर डोक्यात ठेवावी लागेल. माझ्याकडे आधीच भरपूर याद्या आहेत."

शेठ हसले, पण त्यांचा चेहरा पडलेलाच होता. "मग लिही त्याला. पण माझं नाव पण लिही. गाडी माझी आहे."

मी लिहिलं. रिंग हरवली आहे, चूक आमच्याकडची आहे, नवी तयार आहे पण ती तुमची नाही, तुमची शोधते आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शब्द थोडे होते. कळवलंत ते बरं केलंत, मेळाव्याला अजून वेळ आहे, शोधा. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "शोधा" म्हटल्यावर शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी कामं वाटून दिली. गॅरेजमधल्यांनी मंचर ते नारायणगाव सगळ्या भंगारवाल्यांकडे जाऊन सांगायचं की, असं पितळ आलं तर वितळवू नका. बाळूनं त्याच्या ओळखीच्या सगळ्या पिकअपवाल्यांना फोन करायचा. मी बाजार धरला. नव्या रिंगचा फोटो मोठा छापून घेतला आणि निळे क्रेट उतरतात तिथं उभी राहिले. गाडी आली की पुढं व्हायचं, फोटो दाखवायचा, विचारायचं.

पहिले काही दिवस माझी करमणूकच झाली.

"ताई, ह्ये काय सुनंचं कडं हाय का?"

"सुनेचं असतं तर एवढं शोधलं असतं का," मी म्हटलं.

"मंग सासूचं असंल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी रांग हसली.

एकानं सायकलच्या चाकाचं आहे असं छातीठोक सांगितलं. एकाला ते मिक्सरचं झाकण वाटलं. एक गृहस्थ फोटो बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "मिळालं तर सांगतो, पण सध्या टमाट्याला काय भाव चाललाय त्ये आधी बघू द्या." मी रोज जात राहिले. लोक हसायचे थांबले आणि ओळखू लागले. "कडंवाली ताई आली," असं काट्यावरून ऐकू यायचं. पुढं पुढं तर मी विचारायच्या आधी शेतकरीच सांगायचे, "न्हाई ताई, आज बी न्हाई." मेळाव्याचा दिवस जवळ येत होता. शेठ रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे आणि मी "नाही" म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायचे.

मग एक दिवस एका टेम्पोच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं फोटो हातात घेतला आणि डोकं खाजवलं.

"ह्ये मी बघितलंय राव. घोडच्या पलीकडं हौसाबाईच्या वस्तीवर. माल भरताना पानी प्यालो ना तिथं. माठाखाली हाय."

"माठाखाली?"

"हां. माठ ठिवायला."

मी त्याच्याच टेम्पोत बसले.

वस्तीवर लिंबाखाली पत्र्याची शेड, शेडच्या कडेला सावलीत माठ. माठाखाली क्रोमची रिंग, पाण्यानं ओली, चकाकणारी. हौसाबाई साठीच्या पुढच्या, पदर खोचून टोमॅटो निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. परदेशातल्या माणसाची वस्तू, क्रेट चुकून आला, वगैरे. त्यांनी टोमॅटो निवडायचं थांबवलं नाही.

"क्रेटमधी सापडलं," त्या म्हणाल्या. "क्रेटवाला मागाया आला का? न्हाई आला. भंगारवाला लई मागं लागला व्हता, त्याला बी दिलं न्हाई. म्हनलं, मंग माठ कुठं ठिवू?"

"तुम्ही दिलं नाही ते फार बरं केलंत, मावशी. पण आता मला न्यावं लागेल."

"न्या की. आधी माठाला काय तरी आना."

मी माठ उचलायला मदत केली आणि रिंग हातात घेतली. तिरकी राहिलीच नव्हती. उंच असलेली कड दाबून सपाट केलेली होती.

"ही अशी कशानं झाली?"

"एका अंगाला वर आल्याली व्हती. माठ कलायचा. वरवंट्यानं ठोकून सरळ केली." आणि मग, जरा अभिमानानं, "लई ठोकली तवा बसली."

ज्या उतारासाठी इटलीच्या कारागिरानं घाम गाळला होता तोच उतार काढून टाकायला या बाईनं घाम गाळला होता. तिच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. आणि तिच्या माठानंच ती रिंग भट्टीतून वाचवली होती.

दुसऱ्या दिवशी मी मंचरहून स्टीलची चांगली जड आडणी घेऊन गेले. शेठनी दुकानातून स्वतः निवडून दिली होती. हौसाबाईंनी तिच्यावर माठ ठेवला, एका बोटानं ढकलला.

"ही तर नाचती."

"जागा सपाट करून देते."

"जागा सपाटच हाय. आडनी वाकडी हाय. तुमच्या शेठला सांगा, दुकानातलं बघून इकत जा."

हे शेठला सांगितलं तेव्हा त्यांनी दुकानातल्या बाकीच्या आडण्या फरशीवर ठेवून ढकलून पाहिल्या. मग गफ्फारभाईंनी त्यांची तडकलेली पहिली रिंग काढली. तड पितळानं भरली, खालची कड सपाट केली, वरची माठाच्या बुडाला बसेल अशी गोल वळवली आणि कर्ण्याला लावतात त्या पॉलिशनं चमकवली. या खेपेला ते स्वतः आले. हौसाबाईंनी माठ ठेवला, ढकलला, परत ढकलला. माठ हलला नाही.

"ह्ये काम हाय," त्या गफ्फारभाईंना म्हणाल्या. "न्या तुमचं."

गफ्फारभाईंनी हेंकची रिंग त्याच शिसवी ठोकळ्यावर चढवली. क्रोम उतरवलं, पितळ तापवलं, गार केलं आणि कड हळूहळू वर आणत गेले. दारात बँडवाले आले तर त्यांना त्यांनी बाहेरूनच सांगितलं, आज नाही. मी शेजारी बसून होते. उतार परत आला. अगदी पूर्वीसारखा आला, शेठच्या गाडीवर धरून पाहिलं, मग पुण्याहून परत क्रोम करून घेतलं. पण आतून बघितलं तर त्या बाजूच्या डावखुऱ्या खुणा वरवंट्यानं आणि नंतर आमच्या हातोडीनं पुसल्या गेल्या होत्या. अर्ध्या रिंगमध्ये त्या इटलीच्या माणसाचा हात उरला, अर्ध्यात गफ्फारभाईंचा. त्याची मला अजून रुखरुख आहे. जशी आली तशी परत जाईल असं मी लिहिलं होतं आणि ती तशी गेली नाही.

तेही मी लिहिलं. कोणती बाजू कुणाच्या हातची आहे, कशी सपाट झाली होती, कुणी सपाट केली, कुणी परत उभी केली. हौसाबाईंच्या माठाचा, रिंग खाली असतानाचा पहिल्या दिवशी काढलेला फोटोही जोडला, कारण नुसतं लिहून कुणाला खरं वाटलं नसतं. नवी रिंगही सोबत पाठवली आणि कळवलं, यातली तुम्हाला हवी ती ठेवा, दुसरी आमच्याकडे पाठवा. पेटी या वेळी मी कुणाच्या नजरेआड होऊ दिली नाही.

त्यानंतर मी गॅरेजमधले सगळे क्रेट गुलाबी रंगवले. बाजारात गुलाबी क्रेट कुणाचाच नाही. बाळू म्हणाला, "ताई, लग्नघर वाटतंय." वाटू दे.

मेळावा झाल्यावर हेंकचं पार्सल आलं. शेठसमोरच उघडलं. आत नवी रिंग होती. स्वतःची त्यांनी ठेवून घेतली होती. सोबत मेळाव्याचे फोटो होते. त्यांची गाडी गवतावर उभी, दोन्ही दिवे जागच्या जागी, भोवती माणसं. गाडीच्या पुढं एका पाटीवर गाडीची माहिती लावलेली, चासी कुठली, बॉडी कुठली, इंजिन कुठलं. आणि त्याच पाटीवर हौसाबाईंच्या माठाचा फोटो. माणसं गाडीपेक्षा त्यापुढंच जास्त थांबली, असं त्यांनी लिहिलं होतं. आतल्या खुणा अर्ध्या गेल्याबद्दल एक ओळ होती, "आता या रिंगला दोन कारागीर आहेत, मी दोघांची माहिती सांगतो, पण पहिल्याचं नाव मला माहीत नाही. दुसऱ्याचं कळवा." शेठनी ते दोनदा वाचायला लावलं.

त्या रविवारी नवी रिंग लावून गाडी बाहेर काढली. मी चालवायला, शेठ शेजारी. शेठ म्हणाले, ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ वाहू. मी म्हटलं, जाऊ, पण आधी घोडच्या पलीकडे. वस्तीपर्यंतचा रस्ता त्या गाडीच्या पोटाला परवडणारा नव्हता, म्हणून डांबरी संपते तिथं गाडी उभी केली आणि चालत गेलो. हौसाबाईंना मोबाइलवर तो फोटो दाखवला. परदेशातलं गवत, गाडी, पाटी आणि पाटीवर त्यांचा माठ.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो आमचाच माठ?"

"तुमचाच. लोक थांबून बघत होते."

"आन तुमी ह्यो फोटू कवा काढला?"

"मी पहिल्यांदा आले होते, तेव्हा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "तवा माठाला शेवाळ आल्यालं व्हतं. इतक्या लोकांत त्यो माठ दावला. सांगायचं तरी, धुतला असता."

शेठ हसू दाबत दुसरीकडे बघू लागले. हौसाबाई उठल्या, माठ रिकामा केला, काथ्या घेतला आणि दगडावर बसून तो बाहेरून घासायला लागल्या. आम्ही थांबलो. माठ लाल झाला, तेव्हा त्यांनी तो गफ्फारभाईंच्या रिंगवर ठेवला, पाणी भरलं, पदर सारखा केला आणि माठाशेजारी उभ्या राहिल्या.

"आता काढा," म्हणाल्या. "आन ह्यो लावाया सांगा."

मी फोटो काढला आणि तिथूनच पाठवला.